घड्याळ बॅगेत ठेवा

काटेकाकांच्या दुकानात दोन माणसं धड उभी राहत नाहीत, पण रविवारी सकाळी तिथं पाच-पाच जण कोंबलेले असायचे. घड्याळ दुरुस्त करून घ्यायला नव्हे हो! रविवारी काका घड्याळाला बोटही लावत नसत. ही मंडळी यायची हातात तिकीट घेऊन. कुणाची मुलगी समुद्रापलीकडे, कुणाचा भाऊ, कुणाला तिकडच्या इस्पितळात नोकरी लागलेली. इथून पूर्वेकडं एक विमान, मधल्या विमानतळावर उतरून दुसरं विमान, आणि मग त्या दुसऱ्या विमानातून अख्खा महासागर पार करायचा. तोही सगळ्यात स्वस्त वर्गात, गुडघे हनुवटीला टेकवून. माणूस घाबरणारच. आणि घाबरलेल्या माणसाला आमच्या भागात एकच पत्ता सांगितला जायचा, तो म्हणजे काटेकाकांचा.

काका स्टुलावर बसायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि सुरू व्हायचे. "जागा कडेची मागा. खिडकीशी बसलेल्याला दोन माणसं उठवून जावं लागतं. माणूस लाजतो, जात नाही, आणि मग पाय सुजतात. बूट काढा, मोजे काढू नका. स्वच्छतागृहातली जमीन ओली असते, आणि ते पाणीच असेल असं समजू नका. पांघरूण दिसलं की आधी ताब्यात घ्या, थंडी नंतर वाजते. जेवणाच्या ट्रेवरचा कागद एका कोपऱ्यातून हळू सोडवा, नाहीतर रस्सा शेजाऱ्याच्या शर्टावर. पाव लगेच खाऊ नका, खिशात घाला. चार तासांनी भूक लागते तेव्हा सगळे दिवे मालवलेले असतात आणि तुम्ही बटण दाबत बसता, येतंय कोण! पेन जवळ ठेवा, फॉर्म भरायचा असतो. अन् शेजारच्याला पेन देऊ नका, ते परत येत नाही."

मग मधला विमानतळ यायचा. तो तर काका असा सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, काकांचा जन्मच तिथला. उतरल्यावर गर्दीच्या मागं जायचं नाही, कारण अर्धी गर्दी शहरात बाहेर पडणारी असते. डाव्या हाताला पिवळ्या पाट्या. बॅग पुन्हा मशीनमधून जाते, तेव्हा पाण्याची बाटली आधीच पिऊन टाकायची. तिथं बसायच्या खुर्च्यांना मुद्दाम मधे दांडे बसवलेत, कुणी आडवं होऊ नये म्हणून, पण एकविसाव्या दाराजवळ सहा खुर्च्या बिनदांड्याच्या आहेत. एवढं बारीक! शाळेतल्या बाई तर वहीत लिहून घ्यायच्या.

आणि शेवटी काका उठता उठता सांगायचे, "घड्याळ बॅगेत ठेवा. मनगटावर नको." लोक हसायचे. घड्याळवाल्यानंच सांगावं घड्याळ बॅगेत ठेवा! का, म्हणून कुणी विचारलं तर काका म्हणायचे, "सांगतोय ना, ठेवा." आणि चष्मा डोळ्यांवर ओढायचे. म्हणजे संपलं.

ह्या सगळ्याचे काका काही घेत नसत, चहासुद्धा नाही. त्यांना हवं असायचं ते एवढंच की समोरच्यानं तोंड उघडं ठेवून ऐकावं. आठवडाभर भिंग डोळ्याला लावून दुसऱ्यांच्या घड्याळांच्या पोटात चिमटा घालणारा, पाठीला बाक आलेला, रस्त्यानं गेला तर कुणाच्या लक्षात न येणारा हा माणूस. पण रविवारी दोन तास तो राजा असायचा.

आता खरं सांगून टाकतो, उगाच शेवटी धक्का द्यायची मला सवय नाही. काकांनी महासागर कधी पार केलेलाच नव्हता.

निघाले होते, हे खरं. बारा वर्षांपूर्वी एका घड्याळ कंपनीनं आपल्या जुन्या कारागिरांचा मेळावा भरवला होता, समुद्रापलीकडे, तीन दिवसांचा. काकांना तिकीट आलं. अख्खी गल्ली निरोपाला. काकांच्या मनगटावर त्यांनी स्वतःच्या हातानं जुळवलेलं घड्याळ, महिन्याला चार सेकंदही इकडंतिकडं न होणारं. पहिलं विमान वेळेवर उतरलं. मधल्या विमानतळावर काकांनी मान वर करून बघितलं तर भिंतीवरचं घड्याळ अडीच तास पुढं! काकांनी मनगटाकडं पाहिलं, पुन्हा भिंतीकडं पाहिलं, आणि त्यांना हसूच आलं. एवढा मोठा विमानतळ आणि घड्याळ अडीच तास पुढं? पुढच्या दालनात दुसरं घड्याळ, तेही अडीच तास पुढं. काका म्हणाले, एकाच बेपर्वा माणसानं सगळी लावलेली दिसतात. वेळ बदलते ती समुद्र ओलांडल्यावर, असा त्यांचा पक्का समज. अजून समुद्र कुठं आलाय! विमानात सूचना झाली असेल, पण काकांच्या कानात तेव्हा कापूस होता. त्यांनी तर म्हणे फरशी पुसणाऱ्या एका माणसाला खुणेनं सांगितलंसुद्धा, की बाबा रे, तुमचं घड्याळ चुकलंय, साहेबांना सांग. तो माणूस हसून निघून गेला.

आणि मग काका निवांत खुर्चीवर बसले. त्यांच्या घड्याळानं अजून सव्वादोन तास होते. विमान त्यांच्याशिवाय निघून गेलं.

पुढच्या विमानातली रिकामी जागा दोन दिवसांनी. तोवर मेळावा आटोपणार. काउंटरवरच्या बाईनं दया करून परतीच्या तिकिटातला घरापर्यंतचा तुकडा तेवढा शाबूत ठेवला. ती तारीख चार दिवसांनंतरची. बाहेर पडायची परवानगी नाही. काका चार दिवस त्या दालनात राहिले. समुद्रावरून येणारी विमानं उतरली की दारातून येणारी माणसं बघायचे. भाषा कळेल असा कुणी दिसला की जवळ जायचे आणि विचारायचे, कसा झाला प्रवास? जेवायला काय? पाय सुजले का? शेजारी कोण होतं? चार दिवसांत पंचवीस-तीस माणसांचा प्रवास त्यांनी गोळा केला. मग तिथल्या दुकानातून चॉकलेटं घेतली आणि ठरल्या दिवशी घरी उतरले. लोकांनी विचारलं, कसं काय झालं? काका तोंड उघडून खरं सांगणार होते, देवाशपथ सांगणार होते. पण एवढी माणसं दारात, बायकोचा चेहरा फुललेला, शाळकरी मुलगी कमरेला मिठी मारून. ते म्हणाले, "छान झालं." कंपनीला पत्र लिहिलं, वाटेत आजारी पडलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ त्यांनी बारा वर्षं झाकून ठेवली.

आणि गंमत बघा, त्यांचं ऐकून गेलेल्यातला एकही माणूस कधी अडचणीत आला नाही. सगळे परत येऊन म्हणायचे, "काका, अगदी तुम्ही सांगितलंत तसंच!" असणारच, तीस जणांचं शहाणपण होतं ते.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी साडूभाऊ जाऊन आले.

साडूभाऊ म्हणजे काकूंच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. विजेच्या कचेरीतून निवृत्त झालेले. आवाज असा की शेजारच्या इमारतीत कुकरची शिट्टी ऐकू येऊ नये. मुलगा तिकडं, तो स्वतः न्यायला आला, तीन महिने ठेवून घेतलं आणि परत आणून सोडलं. आले ते फोनमध्ये अकराशे फोटो घेऊन. विमानाच्या पंखाचे फोटो, ट्रेचे फोटो, खिडकीचे फोटो, खिडकीतल्या स्वतःच्या नाकाचे फोटो. पहिल्याच रविवारी त्यांनी आपल्या गॅलरीत खुर्च्या मांडल्या.

काकांच्या दुकानासमोरूनच त्यांच्याकडं जायचा रस्ता. काका आपले चष्मा कपाळावर घेऊन बसलेले. शाळेतल्या बाई आल्या, दुकानाशी थांबल्या, म्हणाल्या, "काका, जरा साडूभाऊंकडं जाऊन येते. त्यांचं ताजं आहे ना." ताजं! मासळी आहे का ती ताजी असायला? पण काका "हो हो, या" म्हणाले आणि आतल्या आत जळून कोळसा झाले. कानामागून आली आणि तिखट झाली ती अशी.

पुढच्या रविवारी दुकानात दोन माणसं. त्याच्या पुढच्या रविवारी एक, आणि तो खरंच घड्याळ घेऊन आला होता. काका स्टूल दाराशी सरकवून बसायला लागले. आज शिंपी गेला. आज नर्सबाई गेल्या, नवऱ्याला घेऊन गेल्या. हे बघा, आमच्या औषध दुकानदाराला तर कुठं जायचंच नाही, तो कशाला चाललाय तडमडायला? काकूंनी विचारलं, "तुम्ही काय माणसं मोजताय का?" काका म्हणाले, "छे! मला काय करायचंय!" आणि हातातला चिमटा असा आपटला की एक बारीक स्क्रू उडून गेला. मग तो शोधत दोघं नवराबायको तासभर फरशीवर.

न राहवून एका रविवारी काका स्वतःच गेले साडूंच्या गॅलरीत. मागं उभे राहिले. साडूभाऊ सांगत होते, "जागा खिडकीचीच घ्यायची. आयुष्यात एकदा जायचं आणि लोकांच्या ढुंगणाकडं बघत बसायचं का?" सगळे हसले. काका मागून म्हणाले, "पाय सुजतात." साडूभाऊ म्हणाले, "या या! आमचे गुरू आले!" आणि पुन्हा सगळे हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवसापासून त्यांनी व्रतच घेतलं. साडू म्हणाले जेवण चांगलं, तर काका म्हणणार शिळं. साडू म्हणाले झोप लागते, तर काका म्हणणार लागूच शकत नाही. साडू म्हणाले पाणी भरपूर प्या, तर काका, स्वतः बारा वर्षं हेच सांगणारे काका, म्हणाले, "भरपूर कशाला? बेतानं."

नर्सबाई साडूंचं ऐकून खिडकीशी बसून गेल्या. काकांनी पंधरा दिवस वाट बघितली, की आता कळेल पाय सुजल्याचं. नर्सबाईंचा निरोप आला, प्रवास मस्त झाला, खिडकीतून काय सुंदर दिसतं! काका त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, पोटात दुखतंय. काकू म्हणाल्या, "ते मला माहितीये." आणि ताट उचललं.

हे सगळं चाललं असताना मुलीचं पत्र आलं. तीच, कमरेला मिठी मारणारी. लग्न होऊन तीन वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे गेलेली, आता दिवस भरत आलेले. पत्रात आईचं तिकीट. एकच. बाबांनी नंतर यावं, जागा लहान आहे, आणि आईला प्रवासाचं बाबा सांगतीलच, त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे!

काकांनी तिकीट भिंगाखाली धरल्यासारखं वाचलं. तोच मधला विमानतळ. पहिलं विमान उतरल्यापासून दुसरं सुटेपर्यंत मधे दोन तास दहा मिनिटं. काकू आयुष्यात एकटीनं बाजारापलीकडे गेलेल्या नाहीत. फोन बटणांचा, तोही प्रवासात बंद ठेवायचा. विमान चुकलं तर? काका चार दिवस राहिले, ते पुरुषासारखे पुरुष, तरी कुणाचं लक्ष नाही असं बघून दोनदा रडले होते. ही काय करेल? आणि पलीकडं पोर अवघडलेली, आईची वाट बघत.

त्यांनी शनिवारी काकूंना समोर बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं. काकू ऐकत होत्या, पण अर्ध्या कानानं. आणि मधेच म्हणाल्या, "भाऊजी तर म्हणाले खिडकीची घे."

"तू त्यांच्याकडं गेली होतीस?"

"अक्काकडं गेले होते. भाऊजी घरातच असतात ना, त्यांना काय पेटीत घालून ठेवायचं?"

आता काय सांगू तुम्हाला! सगळं गाव साडूकडं गेलं ते काकांनी गिळलं होतं. पण घरचीच? ज्या बाईनं बारा वर्षं पाहुण्यांना चहा देताना "आमचे हे जाऊन आलेत" म्हणून सांगितलं, ती? काका म्हणाले, "मग जा, त्यांनाच विचार!" आणि तोंड फिरवून बसले. काकूंनीही ऐकून घेतलं नाही. "विचारीनच! परवा निघायचंय मला, तुमचा रुसवा काढत बसायला वेळ नाही."

निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, अक्कांनी बहिणीसाठी सगळ्यांना चहाला बोलावलं. शाळेतल्या बाई, शिंपी, औषध दुकानदार, आणखी दोघंतिघं. काकाही गेले, जाणं भाग होतं. दाराजवळच्या खुर्चीवर बसले. साडूभाऊ मधोमध.

"हे बघ," साडूभाऊ काकूंना म्हणाले, "तुझी रक्तदाबाची गोळी असते ना रोज ठरल्या वेळी? मग घड्याळ आपल्या इकडच्याच वेळेवर ठेवायचं. हलवायचं नाही. मी तीन महिने नाही हलवलं. गोळी कधी चुकली नाही माझी. आणि ते बॅगेत वगैरे ठेवू नकोस हां!" इथं त्यांनी दाराकडं बघून डोळे मिचकावले. "घड्याळ बॅगेत ठेवा म्हणणारा घड्याळवाला जगात एकच!"

सगळे खो खो हसले. काकूसुद्धा हसल्या. आणि मनगट पुढं करून कौतुकानं म्हणाल्या, "मी तर हलवणारच नाही. ह्यांनी लावून दिलंय. ह्यांनी लावलेलं घड्याळ एक वेळ सूर्य चुकेल पण चुकणार नाही. मी ह्याच्याकडंच बघून चढेन आणि ह्याच्याकडंच बघून उतरेन."

काका खुर्चीवरून पुढं सरकले. ते म्हणाले, "नको. घड्याळ बॅगेत ठेव. तिथं भिंतीवरचं बघ."

"झालं सुरू!" साडूभाऊ म्हणाले.

"अगं, तिथली वेळ अडीच तास पुढं असते. मधल्या ठिकाणीच बदलते."

"काही पुढंबिढं नसते," साडूभाऊ म्हणाले. "मी गेलोय ना! वेळ बदलते ती तिकडं पोचल्यावर. मधे मला तर काही बदललेली दिसली नाही."

"बदलते!" काका ओरडले.

"बघा!" काकू वैतागून म्हणाल्या. "भाऊजींनी पूर्व म्हटलं की तुम्ही पश्चिम म्हणणार. पाणी प्यायचं म्हटलं तर तुम्ही नको म्हणालात, मी काय विसरले? चारचौघांत असं करायचं का माणसानं? तुम्हीही घड्याळ घालूनच गेला होतात ना? पोचलात ना व्यवस्थित? मग?"

खोलीत सगळे खाली बघायला लागले. आणि काकांना एकदम कळलं की ह्या खोलीत आपल्या शब्दाला आता काही किंमत उरलेली नाही. खरं बोललो तरी लोकांना तो जळफळाटच वाटणार, कारण सहा महिने आपण दुसरं काही बोललोच नाही. त्या वाटेनं जाऊन आलेलं दुसरं कुणी खोलीत नव्हतं, म्हणजे पुरावाही दुसरा नव्हता. एकच होता, आणि तो त्यांनी बारा वर्षं दाबून ठेवला होता. तो बाहेर काढायचा तर साडूसमोर काढायचा. दुसऱ्या कुणासमोरही चाललं असतं. पण साडूसमोर!

ते गप्प बसले असते तरी चाललं असतं हो. रात्री घरी, एकांतात सांगता आलं असतं. पण मनात आलं, एकांतात सांगितलं तर ही म्हणेल, रागानं काहीतरी रचून सांगतायत. आणि उद्या सकाळी हीच बहीण आणि हाच साडू तिला दारापर्यंत सोडायला येणार. काकांनी कप खाली ठेवला.

"नाही पोचलो," ते म्हणाले.

"काय?"

"मी पोचलो नाही. माझं दुसरं विमान चुकलं. भिंतीवरची घड्याळं अडीच तास पुढं होती, मला वाटलं तीच चुकलीत. मी बसून राहिलो. विमान गेलं." मग थांबून म्हणाले, "समुद्र बघितलाच नाही मी. मी चार दिवस त्या मधल्या विमानतळावर होतो. तिथूनच परत आलो."

मग साडूभाऊंनी मांडीवर थाप मारली आणि असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. "म्हणजे बारा वर्षं... अहो, म्हणजे गेलाच नाहीत! आणि मला सांगत होता पाय सुजतात!"

"काका, मग दुसऱ्या विमानातलं ते सगळं?" शाळेतल्या बाईंनी विचारलं. त्यांची वही मांडीवरच होती.

"ऐकीव," काका म्हणाले. "उतरणाऱ्या लोकांना विचारून विचारून." त्यांचे कान लाल झाले होते. साडूचं हसू थांबत नव्हतं आणि त्या क्षणी काकांना वाटलं, हा माणूस समुद्र पार करून आलाय, मुलाचा हात धरून का होईना, आलाय, आणि मी नाही. बारा वर्षं पोटात ठणकत होतं ते हेच.

काकू मात्र हसत नव्हत्या. नवऱ्याकडं टक लावून बघत होत्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "चार दिवस? जेवलात काय?"

काका गडबडले. विमानातल्या जेवणावर त्यांना शंभर माणसांनी शंभर प्रश्न विचारले होते. हा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारलाच नव्हता. विचारणार तरी कसं?

"बिस्किटं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी एका बाईनं अर्धा पाव दिला."

"आणि मला येऊन सांगितलंत छान झालं." काकू म्हणाल्या. "मी मेली विचारत बसले, तिकडची चॉकलेटं एवढीच का आणलीत!"

साडूभाऊंना अजून काहीतरी बोलायचं होतं. अक्का त्यांना म्हणाल्या, "पुरे हां. तुम्ही तरी कुठं एकटे गेला होतात? पोरानं हाताला धरून नेलं, म्हणून चढलात. घड्याळाकडं बघायची वेळ कधी आली तुमच्यावर?" साडूभाऊ चहाचा कप तोंडाला लावून बसले.

काकूंनी मनगटावरचं घड्याळ काढलं, पर्समध्ये टाकलं, आणि खुर्ची उचलून दाराजवळ काकांच्या पुढ्यात आणून ठेवली. "सांगा," त्या म्हणाल्या. "उतरल्यावर पहिलं काय करायचं? नीट सांगा. आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगा."

काकांनी सांगितलं. कोणतं दार, कुठली पाटी, कुठल्या भिंतीवर घड्याळ, घाबरायला झालं तर कुठल्या रंगाच्या कोटातल्या माणसाला तिकीट दाखवायचं. दुसऱ्या विमानाच्या दारापर्यंत आले आणि थांबले. "पुढचं भाऊजींना विचार," ते म्हणाले. हे म्हणताना त्यांना काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

तीन दिवसांनी दुकानात फोन वाजला. काका एक घड्याळ उघडून बसले होते.

"पोचले हो," काकू म्हणाल्या. "विमान सुटायच्या चाळीस मिनिटं आधी दारात होते. पोर बरी आहे. पाय थोडे सुजलेत."

"सुजणारच," काका म्हणाले. काकांना विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच, "जागा कुठली मिळाली?"

"खिडकीची."

"मग? दिसला समुद्र?"

"छे हो," काकू घाईघाईनं म्हणाल्या, "काही दिसत नाही. नुसते ढग. तुमचं काही गेलं नाही त्यात."

बारा वर्षं खोटं सांगितलेल्या माणसाला दुसऱ्याचं खोटं लगेच ओळखू येतं. काकांना तोच जुना सल टोचला, ह्या खेपेला बायकोमुळं. तीस वर्षांच्या संसारात ही पहिल्यांदाच त्यांच्या पुढं गेली होती, एक अख्खा महासागर पुढं, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून तो लपवत होती.

"खोटं बोलू नकोस," काका म्हणाले. "दिसलाय तुला. मला हेवा वाटेल, वाटू दे. कसा होता ते सांग."

मग काकू सांगायला लागल्या. दारात एक गिऱ्हाईक आलं, त्याला काकांनी हातानंच थांब म्हणून सांगितलं.